उंदरांच्या बंदोबस्तासाठी घुबडपेटी : घरच्या घरी लाकडी घरटी कशी कराल?

गहू ओंबीवर आला, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या किंवा उसाचा फड दाट झाला, की बांधावर उंदरांची ताजी बिळे दिसू लागतात. आपण बिळे बुजवतो, विषारी आमिष टाकतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि शेजारच्या शेतातून उंदीर पुन्हा येतात. हा खर्च दर हंगामात होतो. याच कामासाठी निसर्गाने एक रात्रपाळीचा राखणदार दिला आहे, तो म्हणजे गव्हाणी घुबड.

पांढुरका, बदामाच्या आकाराचा चेहरा आणि घशातून काढलेला कर्कश चीत्कार, यावरून हा पक्षी ओळखता येतो. उंदीर, घुशी व चिचुंद्र्या हे त्याचे मुख्य खाद्य. हाडे आणि केस पचत नसल्याने तो त्यांचे काळपट गोळे करून तोंडावाटे टाकतो. असा गोळा पाण्यात भिजवून फोडला तर उंदराची कवटी, दात व जबडे स्वच्छ दिसतात. घुबड नेमके काय खाते, याची शंका असणाऱ्यांनी हा प्रयोग स्वतः करून पाहावा. मादी साधारण चार ते सात अंडी घालते. पिले असताना नर-मादीची शिकार सर्वांत जास्त होते.

मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत उंदरांसाठी घुबडपेट्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. तेथे साधारणपणे ५ ते १० हेक्टरला एक पेटी, असे प्रमाण ठेवतात. इस्रायलमध्ये हे काम १९८३ पासून सुरू झाले. आपल्याकडे पूर्वी जुने वाडे, पडक्या गढ्या, देवळांची शिखरे आणि झाडांच्या ढोली होत्या, म्हणून वेगळी पेटी लागत नव्हती. आता वाडे पाडून स्लॅबची घरे झाली, बांधावरची जुनी झाडे गेली. उंदीर आहेत, पण घुबडाला राहायला जागा नाही.

पेटीची बांधणी

१२ मिमी जाडीच्या वॉटरप्रूफ प्लायवूडच्या ८ × ४ फुटांच्या एका शीटमध्ये एक घुबडपेटी होते आणि उरलेल्या तुकड्यांत चिमण्यांची दोन घरटी निघतात. घरात जुन्या दाराच्या किंवा खोक्यांच्या फळ्या पडून असतील तर नवीन लाकूड आणू नये. मात्र वाळवी लागलेली फळी घेऊ नये. करवत, हातोडी, गुण्या, पटाशी आणि गिरमिट एवढी हत्यारे पुरतात. पहिली पेटी गावातील सुताराकडून करून घ्यावी व शेजारी बसून पाहावी, दुसरी आपली आपण जमते.

पुढील भिंत ६० × ६० सेंमी, मागील भिंत ६० × ५५ सेंमी आणि तळ ५७.५ × ४५ सेंमी असा कापावा. बाजूच्या दोन फळ्या ४५ सेंमी रुंद, पुढे ६० व मागे ५५ सेंमी उंच, म्हणजे वरून तिरक्या कापाव्यात. त्यामुळे छताला मागे उतार मिळतो. छत ७० × ६२ सेंमी ठेवावे व ते पुढे १० सेंमी बाहेर काढावे. बाजूच्या फळ्या पुढच्या व मागच्या भिंतीच्या मध्ये येतात आणि तळ चारही भिंतींच्या आत बसतो. तळ खालून ठोकला तर सांध्यातून पावसाचे पाणी आत येते.

प्रवेशाचे भोक १५ × १५ सेंमीचे असावे आणि त्याची खालची कड तळापासून ४० सेंमी वर असावी. बरेच जण येथे चूक करतात. भोक खाली ठेवले की आई येताच पिले तोंडाशी धावतात आणि खाली पडतात. पडलेले पिलू कुत्र्या-मांजरांच्या तावडीतून सहसा वाचत नाही. भोकाखाली २० सेंमी रुंदीचे फळकूट लावावे. मोठी झालेली पिले त्यावर पंख हलवायला शिकतात. छताखाली दोन्ही बाजूंना दीड सेंमीची चार-चार छिद्रे हवेसाठी व तळाला चार छिद्रे पाणी निघण्यासाठी पाडावीत. एका बाजूला बिजागरीचे २५ × २५ सेंमीचे दार ठेवावे. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत, आतून काहीही लावू नये. तळावर तीन-चार सेंमी कोरडा लाकडाचा भुसा पसरावा.

पेटी कोठे लावावी?

गोठ्याच्या किंवा शेडच्या आढ्याजवळ, जमिनीपासून चार-पाच मीटर उंचीवर जागा सर्वांत चांगली. तेथे ऊन-पाऊस लागत नाही. उघड्यावर खांबावर लावायची असल्यास तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करावे आणि खांबाला दोन फूट उंचीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, म्हणजे मांजर व साप वर चढत नाहीत. वाहत्या डांबरी रस्त्याजवळ व विजेच्या तारांखाली पेटी लावू नये.

लेखकाने पहिली पेटी छतावर पत्रा ठोकून, तोंड पश्चिमेला करून लावली होती. फेब्रुवारीत जोडी आली, अंडी घातली आणि एप्रिलच्या उन्हात घरटे सोडून गेली. पुढच्या वर्षी पेटी गोठ्यात हलवली. पिले झाली, पण त्याच पंधरवड्यात आमच्याच शेतात ब्रोमाडिओलोनचे आमिष टाकले गेले. हे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला आयताच सापडतो. मादी गोठ्यामागे मरून पडलेली मिळाली. तेव्हा पेटी लावायची असेल तर हे विष बंद करावे आणि शेजाऱ्यांनाही विनंती करावी. दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून ठरवल्यास उत्तम. बिळे खणणे आणि सापळे लावणे चालू ठेवण्यास हरकत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध होण्याची शक्यता असते. घुबड छपरावर बसले की अशुभ, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. त्यांच्याशी वाद घालू नये. पेटी घरापासून दूर, मळ्यातील शेडमध्ये लावावी. घुबडाला मारलेला दगड ते झिजवते आणि तसा माणूसही झिजतो, असेही आपले लोक सांगतात. या भीतीने कितीतरी घुबडे दगडांपासून वाचली असतील. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घुबडाला मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे.

चिमण्यांची घरटी

उरलेल्या प्लायवूडमधून १५ × १५ सेंमी तळाची व २५ सेंमी उंचीची घरटी करावीत. भोक सव्वा इंच, तळापासून १७ सेंमीवर. भोकाखाली बसायची खुंटी लावू नये. तिचा उपयोग चिमणीपेक्षा कावळ्यालाच होतो. चिमणी दाणे खात असली तरी पिलांना अळ्या व कीटकच भरवते, ही गोष्ट आपण विसरतो. भोक अडीच इंचांचे केले तर साळुंकी येते, पण पोपटही येऊ शकतो. ज्वारी, सूर्यफूल किंवा पेरूची बाग जवळ असल्यास हा मोह टाळावा.

दाणे ठेवायच्या लाकडी तबकाबद्दल बरेच जण विचारतात. शेतावर त्याची फारशी गरज नाही, खळ्यावर दाणा असतोच. उन्हाळ्यात सावलीत मातीच्या परळात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी मात्र कोतवाल हवा. तो पेटीत राहत नाही, त्याला बसायला पिकापेक्षा उंच टी आकाराचे पक्षिथांबे हेक्टरी ५० या प्रमाणात लावावेत. ज्वारीत दाणे भरू लागताच ते काढून घ्यावेत.

घुबड पहिल्याच वर्षी येईल असे नाही, दोन वर्षेही लागतात. पेटी वारंवार उघडून पाहू नये. पिले उडून गेल्यावर, आत कोणी नाही याची खात्री करून वर्षातून एकदा साफ करावी. आतील घाण कोरडी उडवू नये; पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधून काढावी व शेणखताच्या खड्ड्यात टाकावी.