जनावरांची इंग्रजी नावे

आपण देवळीकडचे कास्तकार. आपल्याला इंग्रजीचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण इंग्रजी शब्द आता गावात आलेच आहेत. ते समजून घेऊ या.

पेट म्हणजे हौसेने घरी पाळलेले जनावर. हिंदीतले पोट नव्हे! कॅट म्हणजे मांजर; पण कॅटल म्हणजे गुरेढोरे. वाइल्ड म्हणजे रानातले.

आपल्या वर्धा जिल्ह्यात बोरचे जंगल आहे. २०१४ साली ते टायगर रिझर्व्ह, म्हणजे व्याघ्र प्रकल्प झाले. टायगर म्हणजे पट्ट्यांचा वाघ. लेपर्ड म्हणजे ठिपक्यांचा बिबट्या. आपल्याकडे पँथर म्हटले, तरी तो बिबट्याच. चित्ता मात्र निराळा. तो आपल्या देशातून नाहीसा झाला होता. २०२२ साली आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशात ठेवला. ब्लू बुल म्हणजे आपला रोही. तो बैल नव्हे. वाइल्ड बोअर म्हणजे रानडुक्कर.

वाघाने गाय मारली, डुकरांनी पीक नासवले, तर सरकार भरपाई देते. वनखात्याला लगेच कळवावे. मेलेले ढोर जागचे हलवू नये. पंचनाम्यात कोणत्या जनावराचे नाव लिहिले, ते स्वतः वाचावे. मगच सही करावी. वाचता येऊ लागल्यावर अंगठा कशाला?

आणि एक गंमत ऐका. इंग्रजीत मुंगसाला मंगूस म्हणतात. तो शब्द आपल्या मराठीतूनच तिकडे गेला आहे. मग इंग्रजीला भ्यायचे कारण काय?