परतीच्या टाकीत कोणते इंधन?

यलोस्टोनचे उद्यान, ग्रँड कॅनियन किंवा आल्प्सचे घाट प्रवासी कंपनीच्या बसमधून न पाहता भाड्याची गाडी घेऊन स्वतःच्या लहरीने पाहणारी मराठी कुटुंबे आता नवलाईची राहिलेली नाहीत. गाडीची निवड, विमा, लहान मुलांची आसने यांचा अभ्यास निघण्यापूर्वी महिनाभर चाललेला असतो. मात्र गाडी परत करण्यापूर्वी टाकीत काय भरायचे, हा प्रश्न अखेरच्या तासापर्यंत कोणाच्याही मनात येत नाही. विमानाची वेळ जवळ आलेली, मागच्या आसनावर सामानाचा ढीग आणि समोर तीन-चार बटणांचे मुके यंत्र, अशा अवस्थेत हा निर्णय घ्यावा लागतो.

आपल्याकडे पंपावर काच खाली करून 'फुल करा' एवढे सांगितले की भागते. 'झीरो बघा साहेब' असे म्हणत नळी गाडीत घालणारा माणूस कोणते इंधन हवे हेही आपणहून विचारतो. अमेरिकेत आणि युरोपात बहुतेक ठिकाणी हा माणूस नसतो. न्यू जर्सीसारख्या एखाद्या राज्यात ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरण्यास आजही मनाई आहे, पण तो अपवाद. एरवी नळी उचलणारा हात ग्राहकाचाच असतो. साहजिकच चुकीची जबाबदारीही त्याचीच ठरते.

टाकी भरून घेतली असेल तर ती भरूनच परत करावी, अशी अट बहुतेक करारांत असते. ती न पाळल्यास कंपनी स्वतः इंधन भरते आणि त्याचा दर पंपावरील दरापेक्षा बराच चढा लावते. आणखी एक पर्याय गाडी घेतानाच पुढे केला जातो. पूर्ण टाकीचे पैसे आधीच द्यावेत आणि गाडी हवी तशी रिकामी आणून सोडावी. दर ऐकायला वाजवी वाटतो, परंतु टाकीत उरलेल्या इंधनाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. परत करण्याच्या वेळी टाकी नेमकी कोरडी करणे कोणालाही जमत नसल्याने, पहाटेचे विमान असणाऱ्यांचा अपवाद सोडला तर या पर्यायात फायदा कंपनीचाच होतो.

८७, ८९ आणि ९३

अमेरिकेतील पंपावर साधारणपणे ८७, ८९ आणि ९१ किंवा ९३ असे आकडे ठळक अक्षरांत लिहिलेले असतात. त्यांची नावे अनुक्रमे रेग्युलर, मिडग्रेड आणि प्रीमियम. दुसऱ्याची गाडी आहे, तेव्हा चांगल्यातलेच भरावे, असे वाटून अनेक जण प्रीमियमचे बटण दाबतात. भावना चांगली असली तरी त्याचा गाडीला उपयोग होत नाही.

हे आकडे पेट्रोलच्या शुद्धतेचे किंवा ताकदीचे नसून ऑक्टेनचे आहेत. इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते व ठरलेल्या क्षणी ठिणगीने पेटवले जाते. दाबामुळे ते त्याआधी आपोआप पेटले तर इंजिनात ठकठक आवाज येतो आणि कालांतराने इंजिनाची हानी होते. आपोआप पेटण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, याचे माप म्हणजे ऑक्टेन. जास्त दाबाच्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागते. जे इंजिन ८७ साठी घडवलेले आहे, त्यात ९३ ओतल्याने ते अधिक धावत नाही वा अधिक स्वच्छही राहत नाही. 'एएए' या अमेरिकेतील वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये यासंबंधी चाचण्या केल्या होत्या. ज्या गाड्यांना साधे पेट्रोल चालते त्यांना प्रीमियमचा लाभ होत नसल्याचे त्यात आढळले, आणि अमेरिकी चालकांनी आधीच्या वर्षभरात या हौसेपायी सुमारे २१० कोटी डॉलर वाया घालवल्याचा अंदाज संघटनेने वर्तवला. गॅलनमागे ८० सेंटचा फरक धरला, तर १५ गॅलनच्या म्हणजे सुमारे ५७ लिटरच्या टाकीमागे १२ डॉलर जादा जातात. ते परत देण्याची तरतूद कोणत्याही करारात नसते.

भारतीय चालकाला आणखी एक शंका छळते. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार आपल्याकडील साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९१ होते आणि २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणामुळे ते ९५ वर गेले. मग अमेरिकेतील ८७ निकृष्ट की काय? तसे नाही. मोजण्याची पद्धत वेगळी आहे. भारत आणि युरोप एका चाचणीचा आकडा देतात, तर अमेरिका दोन चाचण्यांची सरासरी लिहिते. अमेरिकेतील ८७ म्हणजे आपल्या मापाने ९१ ते ९२ च्या घरातील पेट्रोल होय.

येथे एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे आणि तो नेमका मराठी पर्यटकांच्या आवडत्या वाटेवर येतो. कोलोरॅडो, युटा, वायोमिंग अशा उंचावरील राज्यांत 'रेग्युलर'च्या बटणावर ८७ ऐवजी ८५ असते. उंचीवर हवा विरळ असल्याने जुन्या इंजिनांना ते चालत असे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत मात्र किमान ८७ असेच नमूद असते. तेव्हा डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीला गाडी परत करताना सर्वांत स्वस्त बटण सोडून त्यावरचे दाबावे. दुसरा अपवाद आलिशान गाड्यांचा. ऐनवेळी कंपनीने मोठी जर्मन गाडी हाती दिली, तर आनंदाच्या भरात टाकीच्या झाकणाआडची सूचना वाचायची राहून जाते. तेथे प्रीमियम 'आवश्यक' लिहिले असेल तर ते भरावेच लागते. नुसती 'शिफारस' असेल तर साध्या पेट्रोलनेही गाडी सुखरूप जाते, ताकद किंचित कमी होते इतकेच.

'ई ८५' लिहिलेल्या आणि बहुधा पिवळ्या असणाऱ्या नळीपासून मात्र दूर राहिलेले बरे. साखर कारखान्यांमुळे इथेनॉल हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही, पण या इंधनात त्याचे प्रमाण ५१ ते ८३ टक्के इतके असू शकते आणि ते केवळ 'फ्लेक्स फ्युएल' गाड्यांसाठी असते. त्याचा दर कमी दिसतो, हीच खरी मेख आहे.

नावांचा घोळ

ऑक्टेनची चूक फार तर खिशाला चिमटा काढते. पेट्रोल आणि डिझेल यांची अदलाबदल मात्र सहल बुडवू शकते, आणि हा धोका युरोपात अधिक आहे. तेथे भाड्याच्या गाड्यांत, विशेषतः सात-नऊ आसनांच्या मोठ्या गाड्यांत, डिझेल आजही आढळते. दुसरीकडे मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्यानंतर पुण्या-मुंबईतील छोट्या गाडीच्या मालकाचा डिझेलशी संबंध कमीच उरला आहे. हात सवयीने पेट्रोलच्या नळीकडे जातो.

त्यात शब्दांचा सापळा. अमेरिकेत 'गॅस' म्हणजे पेट्रोल, सिलिंडर नव्हे. फ्रान्समध्ये 'गॅझोल' हा शब्द 'गॅसोलिन'चा भाऊ वाटतो, पण तो डिझेलचा आहे. पेट्रोलला तेथे 'एसांस' म्हणतात. इटलीत 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलिओ' म्हणजे डिझेल. स्पेनमध्ये 'गासोलिना' पेट्रोल, तर 'गासोलेओ' डिझेल. अखेरच्या एका अक्षराने इंजिनाचे नशीब बदलते! रंगांचाही भरवसा नाही. ब्रिटनमध्ये आणि युरोपात बहुतांश ठिकाणी हिरवी नळी पेट्रोलची असते, तर अमेरिकेत हिरवी नळी बहुधा डिझेलची. तेथेही 'बीपी'च्या पंपांवर हिरवी नळी पेट्रोलची असते.

हा गोंधळ कमी व्हावा म्हणून युरोपीय संघाने १२ ऑक्टोबर २०१८ पासून सर्वत्र एकसारखी चिन्हे लागू केली. वर्तुळात 'ई ५' किंवा 'ई १०' असेल तर ते पेट्रोल, चौकोनात 'बी ७' असेल तर ते डिझेल आणि पतंगाच्या आकारात वायुरूप इंधने. नव्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणाआड हेच चिन्ह असते. भाषा कोणतीही असो, झाकणाआडचा आकार आणि नळीवरचा आकार जुळला की पुरे. यातील 'ई'पुढचा आकडा इथेनॉलची कमाल टक्केवारी सांगतो. भाड्याच्या गाड्या बहुधा नव्याच असल्याने त्यांना 'ई १०' चालते. 'ई १०'चे चिन्ह झाकणाआड असेल तर महागडे 'ई ५' भरण्याचे कारण नाही.

डिझेल गाडीत मुख्य तोंडाशेजारी निळ्या झाकणाचे आणखी एक तोंड दिसल्यास ते 'ॲडब्लू'चे असते. धुरातील घातक वायू कमी करणारे हे युरियाचे पाणी आहे, इंधन नव्हे. ते डिझेलच्या टाकीत गेल्यास होणारे नुकसान पेट्रोलपेक्षाही भयंकर असते.

चूक झालीच तर

डिझेलची नळी जाड असल्याने ती पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा शिरत नाही. पेट्रोलची बारीक नळी मात्र डिझेल गाडीत सहज जाते, म्हणून हीच चूक अधिक घडते. डिझेल हे इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या उच्च दाबाच्या पंपाचे वंगणही असते. पेट्रोल ते वंगण धुऊन काढते, धातूवर धातू घासतो आणि त्याचे कण थेट इंजेक्टरपर्यंत पोहोचतात. टाकी रिकामी करण्याचा खर्च त्या दुरुस्तीपुढे किरकोळ ठरतो.

म्हणूनच चूक ध्यानात येताच गाडी सुरू करू नये. किल्लीही फिरवू नये, कारण अनेक गाड्यांत इंजिन चालू होण्याआधीच इंधनपंप काम करू लागतो. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि करारपत्रावरील मदत क्रमांकावर कळवावे. 'थोडेच गेले आहे, वर डिझेल भरले की मिसळून जाईल' हा सल्ला हमखास देणारा एखादा अनुभवी गृहस्थ सोबत असतो. त्याचे ऐकू नये. गुपचूप गाडी परत करण्याचाही उपयोग नसतो, कारण टाकीतील इंधनाची तपासणी अवघड नाही आणि बिल नंतर कार्डावर येतेच. चुकीचे इंधन भरल्याने झालेले नुकसान बहुतेक विमा योजनांतून वगळलेले असते. पूर्ण संरक्षणाचे पैसे भरले आहेत या समजुतीत राहणाऱ्यांना हा धक्का मोठा बसतो.

पंप कोठला?

विमानतळाच्या अगदी दाराशी असलेला पंप सोयीचा, पण बहुधा महाग. डिस्ने वर्ल्डमुळे भारतीयांची वर्दळ असलेल्या ओर्लंडोत विमानतळाजवळचे काही पंप चढ्या दरांसाठी कुप्रसिद्ध झाले होते. विमानतळापासून पाच-दहा मैल अलीकडे भरले तर काटा पूर्णावरच राहतो. काही कंपन्या जवळच्याच पंपाची पावती मागतात, तेव्हा करारातील अंतराची अट आधी पाहावी. टाकीचे तोंड कोणत्या बाजूला आहे, हे काट्याशेजारच्या छोट्या बाणावरून कळते. फोर्डमधील जिम मॉयलन यांनी १९८६ मध्ये सुचवलेली ही खूण आज जवळपास प्रत्येक गाडीत असते, पण ती ठाऊक नसल्याने पंपाभोवती प्रदक्षिणा घालणारे अजूनही दिसतात.

अमेरिकेत पंपावरील यंत्र कार्ड घातल्यावर पाच आकडी पिन कोड मागते आणि भारतीय कार्ड तेथे बहुधा अडते. अशा वेळी आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगावा व आगाऊ पैसे द्यावेत. कमी इंधन बसले तर उरलेली रक्कम परत मिळते.

गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी स्वतः चालवायला घेणाऱ्यांपुढील प्रश्न त्या मानाने सोपा आहे. पंपावर माणूस असतो, आणि ज्या पातळीला टाकी मिळाली त्याच पातळीला परत करावी असा तेथील सर्वसाधारण रिवाज आहे. त्यामुळे अर्धी टाकी घेऊन पूर्ण भरून देण्याचे औदार्य दाखवण्याची गरज नसते. महागडे 'प्रीमियम' पेट्रोल येथेही मालकाला भेट देण्यासारखेच. सीएनजीवर चालणारी गाडी असेल तर काटे दोन असतात, पेट्रोलचा वेगळा आणि वायूचा वेगळा. गाडी ताब्यात घेताना दोन्हींचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण वाद झाल्यास अनामत रकमेतून कपात नेमकी त्या दुसऱ्या काट्यावरून होते.