गुणांची शिडी आणि मुलांची झोप

नारायणगड परिसरात किशोरवयीन मुलांची तपासणी करताना काही तक्रारी वारंवार कानावर येतात. सकाळी डोके दुखते, डोळे चुरचुरतात, वर्गात डुलकी लागते. अंगात रक्त कमी आहे का, चष्म्याची गरज आहे का, हे आम्ही आधी पाहतो. मग विचारतो, "रात्री किती वाजता झोपलास?" त्यावर बरीच मुले सांगतात, "ताई, टियर पडला असता, म्हणून खेळत बसलो." सोबतच्या आजीला टियर म्हणजे काय ते ठाऊक नसते. तिला एवढेच दिसते की नातू फोनला चिकटला आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न अधिक अवघड आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे जातात आणि मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आईचा आवाज ज्या फोनवर ऐकायचा, गेमही त्याच फोनवर असतो. त्यामुळे "फोन काढून घ्या" हा सल्ला इथे चालत नाही. मुलाशी बोलायचे तर गेममधले गुण कसे मिळतात हे घरातल्या मोठ्यांना कळले पाहिजे. त्यात अवघड काही नाही, साधी बेरीज-वजाबाकी आहे.

या गुणांच्या तीन वेगवेगळ्या शिड्या असतात. मुले तिघींनाही 'पॉइंट' किंवा 'रँक' म्हणतात, पण तब्येतीवर होणारा परिणाम प्रत्येकीचा वेगळा आहे.

पहिली शिडी : स्पर्धेचा तक्ता

आपल्याकडे मुले सर्वात जास्त खेळतात तो गेम म्हणजे बीजीएमआय. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये तोच खेळ या नव्या नावाने आला. त्याच्या मोठ्या स्पर्धेत एका सामन्यात १६ संघ उतरतात. प्रत्येक संघात चार खेळाडू, म्हणजे एकूण ६४ जण. गुण दोन गोष्टींचे मिळतात. संघ कितव्या क्रमांकापर्यंत टिकला, हा एक भाग. प्रतिस्पर्ध्यांचे किती खेळाडू बाद केले, हा दुसरा. त्याला 'फिनिश' म्हणतात.

हल्लीच्या पद्धतीत पहिल्या क्रमांकाला १० गुण मिळतात. दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, चौथ्याला ४, पाचव्याला ३, सहाव्याला २, सातव्या आणि आठव्याला प्रत्येकी १. नवव्यापासून पुढे शून्य. प्रत्येक फिनिशला १ गुण.

उदाहरण घेऊ. 'अ' संघाने पहिला सामना जिंकला आणि पाच फिनिश केले. १० अधिक ५, झाले १५. पुढच्या दोन सामन्यांत तो बारावा आणि चौदावा आला, फिनिश दोन आणि एक. एकूण गुण १८. 'ब' संघ एकही सामना जिंकला नाही. तो तिसरा, दुसरा आणि पाचवा आला, फिनिश चार, तीन आणि चार. त्याचे गुण ९, ९ आणि ७, म्हणजे २५. एकही सामना न जिंकता 'ब' पुढे गेला. या तक्त्यात एका दिवसाच्या पराक्रमापेक्षा सातत्याला किंमत आहे.

या शिडीत सर्व संघांना ठरलेलेच सामने मिळतात. रात्रभर जागून कुणाला एक सामना जास्त खेळता येत नाही. शेवटचा सामना झाला की तक्ता बंद होतो.

ऑनलाइन स्पर्धा म्हणजे केवळ बंदुकीचा खेळ, असेही नाही. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात बुद्धिबळाचे पहिले ऑनलाइन ऑलिम्पियाड झाले. भारतीय संघाचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी आणि संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, तेव्हा अवघी १४ वर्षांची. ३० ऑगस्टच्या अंतिम लढतीत दुसऱ्या फेरीत इंटरनेट तुटले. दिव्या आणि केरळचा निहाल सरीन यांचे डाव वेळ संपल्यामुळे गेले. भारताने दाद मागितली आणि जागतिक संघटनेने भारत व रशिया यांना संयुक्त विजेते घोषित केले. जिथे पंच असतात आणि दाद मागायची सोय असते, तिथे नेटवर्क गेले म्हणून सर्व काही संपत नाही.

दुसरी शिडी : समोरचा कोण आहे, त्यावर गुण

बुद्धिबळातल्या मानांकनाला 'एलो' म्हणतात. आर्पाड एलो या प्राध्यापकांनी ते गणित मांडले आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारले. सामन्यापूर्वीच दोघांच्या गुणांवरून अंदाज बांधला जातो आणि निकाल अंदाजापेक्षा चांगला आला तर गुण वाढतात. नवोदित मुलांसाठी गुणांक ४० धरतात. दोघे बरोबरीचे असतील तर जिंकणाऱ्याचे २० वाढतात आणि हरणाऱ्याचे २० कमी होतात. पण ४०० गुणांनी खालच्या मुलीने वरच्याला हरवले तर तिचे सुमारे ३६ वाढतात. वरच्याने तिला हरवले तर त्याच्या पदरात जेमतेम ४ पडतात.

इथेही नुसते जास्त खेळून वर चढता येत नाही. थकलेल्या डोक्याने खेळले तर गुण उलट घसरतात. चांगली झोप ही या शिडीवर तयारीचाच भाग आहे.

तिसरी शिडी : कधीच न संपणारी

आमच्याकडे येणारी मुले बहुतेक या शिडीवर असतात. बीजीएमआयमध्ये ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस अशा पायऱ्या आहेत आणि सर्वात वर कॉन्करर. प्रत्येक सामन्यानंतर गुण वाढतात किंवा कमी होतात. वरच्या पायरीवर लवकर बाद झाले की कापलेले गुण भरून काढायला आणखी सामने खेळावे लागतात. कॉन्करर ही पायरी तर फक्त पहिल्या ५०० जणांची. तुम्ही झोपलात आणि दुसरा खेळत राहिला तर तो पुढे जातो. त्यातही हंगाम संपला की सर्वांना खाली आणून पुन्हा चढायला लावतात.

या शिडीला वेळ लागतो आणि तो वेळ झोपेतून काढला जातो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी. शरीराची वाढ, दिवसभर शिकलेले पक्के होणे, मनाचा तोल, या सर्वांना ती झोप लागते. आपल्या मुलांना शिकून पुढे जायचे आहे. दहावीचा तक्ता कॉन्कररच्या तक्त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, हे मुलालाही कळते. पण रात्री एक वाजता गुण कापले गेले की त्याला ते आठवत नाही.

घरात काय करावे

मुलाला आधी विचारा, "तू कोणत्या शिडीवर आहेस? मला तक्ता दाखव." समजावून सांगायला मुलांना आवडते. रागावण्याआधी एकदा ऐकून घ्या.

वेळ मिनिटांत न ठरवता सामन्यांत ठरवा. मोठ्या नकाशावरचा सामना साधारण अर्ध्या तासाचा असतो. मध्येच फोन ओढला तर त्याचे तीन साथीदारही अडचणीत येतात आणि भांडण होते. "दोन सामने, मग फोन माझ्या उशाशी" हा करार टिकतो. १८ वर्षांखालील मुलांना या गेममध्ये दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. मोठ्यांच्या नावाने खाते उघडले असेल तर ती लागू होत नाही, म्हणून खाते कुणाच्या नावावर आहे ते पाहा.

पैशांबाबत सावध राहा. प्रवेश फी गोळा करून त्यातूनच बक्षीस वाटणाऱ्या खेळांपासून मुलांना दूर ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, म्हणून फसलेल्या मुलाने घरी सांगायला घाबरू नये. ई-स्पोर्ट्सला मात्र याच कायद्याने मान्यता दिली आहे.

खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याची तीन लक्षणे आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. जेवण, शाळा, मित्र यांच्या आधी गेम येतो. नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही. हे साधारण वर्षभर चालू असेल तर तो विकार मानतात. पण तोपर्यंत थांबू नका. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते, मराठीतही. सरकारी रुग्णालयातल्या किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्येही मुलाला नेता येते.

ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना एक विनंती. फोन केला की "गेम खेळत होतास का?" असे आधी विचारू नका. "काल किती वाजता झोपलास?" एवढेच विचारा, पण रोज विचारा.