वल्हे हातात, जोर पायात

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने मला गोव्यातल्या एका खाडीत पाण्यावरच्या फळीवर उभे केले. माझे वय छप्पन्न, शिक्षण बी. ए., विषय मराठी. शरीरशास्त्राशी माझा संबंध डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता. भाचा मात्र फिजिओथेरपिस्ट आहे. ‘‘मामू, तुम्ही नुसते उभे राहा, बाकीचं शरीर बघून घेईल,’’ असे तो म्हणाला. उभा राहिलो आणि पाचव्या मिनिटाला पाण्यात गेलो. अंगात लाइफ जॅकेट होते, घोटा दोरीने फळीला बांधलेला होता, पाणी संथ होते. इजा झाली ती फक्त अब्रूला. पण पुन्हा चढलो आणि तासभर टिकलो. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना गंमत कळली. वल्हे मारले हातांनी, आणि दुखत होते तळपाय, पोटऱ्या, कंबर आणि बरगड्यांच्या बाजू. दंड त्या मानाने ठीक होते. असे का व्हावे?

या खेळाला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतात. दहा-अकरा फूट लांब, अडीच-पावणेतीन फूट रुंद फळी आणि आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब वल्हे. मूळ हवाई बेटांवरचे. वाईकीकीच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे लोक 1950-60 च्या सुमारास फळीवर उभे राहून वल्हे मारीत. उभे राहिले की शिष्यांवर नजर ठेवता येई. पुढे गेल्या शतकाच्या अखेरीस लेअर्ड हॅमिल्टनसारख्या लाटांवरच्या पटाईतांनी ही पद्धत पुन्हा उचलली आणि ती जगभर गेली. उभ्याने होडी हाकणे आम्हा कोकणातल्या लोकांना नवे नाही. लहानपणी खाडी ओलांडताना बांबू रेटत उभा असलेला तरवाला मी रोज पाहिला आहे. पण होडीला पोट असते, ती माणसाला सांभाळून घेते. ही फळी सांभाळत नाही, तिलाच सांभाळावे लागते.

आता स्नायूंकडे येऊ. भाच्याने सांगितलेली पहिली गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली : स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता कधीच येत नाही. आपण दार ढकलतो तेव्हाही आत कुठला तरी स्नायू हाड ओढतच असतो. स्नायूच्या धाग्यात ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांच्या बारीक तारा शेजारी शेजारी असतात. मायोसिनच्या तारेला असंख्य डोकी असतात. ती ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुढे पुन्हा पकडतात. रापणीचा दोर ओढणारी माणसे डोळ्यांसमोर आणा, तसेच. आणि यात पकड सोडण्यासाठीही इंधन लागते. मृत्यूनंतर शरीर ताठते ते यामुळेच. इंधन संपलेले असते आणि पकडलेले हात सुटत नाहीत.

स्नायूला ढकलता येत नाही म्हणूनच निसर्गाने त्यांच्या जोड्या लावल्या आहेत. पोटरीचा स्नायू पाऊल खाली ओढतो, नडगीच्या पुढचा ते वर ओढतो. एक आवळला की दुसऱ्याने सैल व्हायचे, असा साधारण करार. फळीवर चढलेला नवशिका हा करार मोडतो. भीतीने तो दोन्ही बाजूंचे स्नायू एकदमच आवळून धरतो. सांधा ताठ होतो, इंधन जास्त जळते आणि फळी हलली की माणूस खांबासारखा कलंडतो. माझे तेच झाले. पायाची बोटेसुद्धा मी फळीत रुतवून बसलो होतो. शेवटी तळपायांना मुंग्या आल्या. उपाय सोपा : गुडघे किंचित वाकलेले, पावले खांद्यांइतकी फाकलेली आणि नजर दूर काठावर. पायांकडे पाहायचे नाही.

नजरेचा इथे काय संबंध? तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातम्यांवर चालतो : डोळे, आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या व त्यांच्या शेजारचे इवलेसे अवयव, आणि खुद्द स्नायूंतले ताण मोजणारे धागे. फळी उजवीकडे कलली की घोट्याचा स्नायू ताणला जातो, बातमी पाठीच्या कण्यापर्यंत जाते आणि ‘आवळ’ असा हुकूम परत येतो. आपल्याला कळण्याआधी हे उरकलेले असते. तासभर असे हजारो हुकूम सुटले, तर पोटऱ्या दुखणारच. एका पायावर उभे राहून डोळे मिटून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. जवळ भिंत असू द्या.

आता वल्हे. आपल्याला वाटते, आपण पाणी मागे ओढतो. पट्टीचा वल्हेकरी तसे करीत नाही. तो वल्हे पुढे, जवळजवळ पावलांच्या तीन फूट पलीकडे, पाण्यात रोवतो आणि स्वतःला त्याच्याकडे नेतो. वरचा हात दाबतो, खालचा जवळजवळ सरळ राहतो आणि वळते ते धड. पोटाच्या बाजूचे तिरपे स्नायू हे वळण देतात आणि पाठीचा रुंद पंख्यासारखा स्नायू, लॅटिसिमस डॉर्साय, दंड खाली-मागे खेचतो. हा सगळा जोर फळीपर्यंत पोचायचा तर वाट एकच : कंबर, कुल्ले, मांड्या, पावले. मधला कुठलाही भाग ढिला पडला की जोर तिथेच सांडतो. वल्हे घोट्यापाशी आले की उचलायचे. त्यापुढे ओढत राहिले तर फळीचे नाक वळते आणि पाणी नुसते वर उपसले जाते. मी बराच वेळ हेच करीत होतो, शिवाय वल्हे उलटे धरून. त्याचे पाते पुढे झुकलेले असायला हवे. मला ते मागेच शोभून दिसत होते.

हे सारे ऐकताना माझ्या मनात मात्र दुसरेच होते. तीन वर्षांपूर्वी अम्मी न्हाणीच्या उंबऱ्याशी अडखळली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून तिची नमाज खुर्चीवर बसून होते. फरशी ओली नव्हती. मग पडली कशी, हे आम्हाला कोडेच होते. भाच्याने ते फळीवर उलगडले. स्नायूंत सावकाश दमणारे धागे असतात आणि झटपट आवळणारेही. वय वाढते तसे झटपट धागे अधिक झिजतात. अडखळल्यावर पाऊल चटकन पुढे टाकायला नेमके तेच लागतात. हुकूम सुटतो, पण पाय पोचेपर्यंत उशीर होतो. बसून राहिले तर ही झीज वाढते, वापरले तर बरीच थोपते, सत्तरीनंतरसुद्धा.

अम्मीला फळीवर कोण चढवणार? पण भाच्याने तिला रोजचा धडा घालून दिला आहे. सकाळचा चहा ठेवला की ती दोन्ही हातांनी ओटा धरते, टाचा उचलते आणि दहापर्यंत मोजते. सातनंतर ती एकदम दहा म्हणते.