अळंबीची जर्की: रानातली किती, घरची किती?

जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णेचं खोरं. डोंगरात पहिला दमदार पाऊस झाला, की रानअळंबी वर येते आणि थोड्याच दिवसांत संपते. म्हणून तीन प्रश्न नेहमी येतात. ती टिकवता येईल का? तिची जर्की करता येईल का? आणि अशी वेगळी अळंबी घरी लावता येईल का? आज आपण याच क्रमाने जाऊ.

आधी शब्द. जर्की म्हणजे मीठ-मसाला लावून वाळवलेल्या चिवट पट्ट्या. हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून इंग्रजीत आला. पण पदार्थ आपल्याला परका नाही. मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या 'चान्या' असतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात दलित घरांतलं हे खाणं नोंदवलेलं आहे. अळंबीची जर्की ही चान्यांचीच शाकाहारी बहीण म्हणा.

रानातली अळंबी

रानातली सगळ्यात मानाची अळंबी वारुळावर येते. पूर्व विदर्भात तिला सात्या म्हणतात, गोव्यात अळमी. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रोजे एम यांनी ते १९४२ साली दिलं. वाळवी पालापाचोळा, लाकूड खाते आणि आपल्या विष्ठेपासून वारुळात स्पंजासारखी पोळी बांधते. त्या पोळीवर ही बुरशी वाढते, लाकडातला कठीण भाग पचवते आणि वाळवीला खाणं पुरवते. पावसात आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे या भागीदारीचं फळ. तिचा देठ मुळासारखा खोल, थेट त्या पोळीपर्यंत गेलेला असतो.

आता कळेल, की सात्या शेडमध्ये का लावता येत नाही. तिला वाळवी लागते, आणि वाळवीला सांभाळून व्यापारी पीक घेणं अजून जमलेलं नाही. म्हणून वारूळ खणू नका. छत्री देठाजवळ हलकेच काढा, काही उमललेल्या तिथंच राहू द्या. गोव्यातले बुरशीतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत अळमीच्या बेसुमार तोडणीबद्दल वर्षानुवर्षं सावध करत आले आहेत. आणखी एक गोष्ट: शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. तिथून काहीही आणायचं नाही.

ओळख हा खरा जिवाचा विषय आहे. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, लसूण काळा झाला नाही, किड्याने खाल्ली आहे, म्हणजे अळंबी चांगली, असं ऐकायला मिळतं. यातली एकही कसोटी खरी नाही. जर्कीच्या बाबतीत तर आणखी एक गैरसमज आहे: वाळवलं की विष जातं. जात नाही. अमॅनिटा गटातल्या घातक जातींचं विष उकळून, तळून, वाळवून तसंच राहतं. त्रास सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात. मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये थोडं बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. म्हणून शंका आली तर लगेच दवाखाना गाठा, आणि उरलेली अळंबी सोबत न्या.

गवतात, शेणखताच्या जागी पावसाळ्यात येणारी एक मोठी पांढरी छत्रीही फसवते. तिचं नाव क्लोरोफायलम. ओळखायचं कसं? छत्री पांढऱ्या कागदावर, खालची बाजू कागदाला लावून, रात्रभर वाटीखाली झाकून ठेवा. सकाळी कागदावर हिरवट ठसा उमटला, तर फेकून द्या. पण उलट समजू नका: ठसा हिरवा नाही म्हणजे अळंबी खाण्याजोगी, असं होत नाही. खात्री जाणत्या माणसाचीच. या भागात ती जाण कोरकू आणि निहाली बोलणाऱ्या घरांत आहे. निहाली ही कोणत्याच भाषाकुळात न बसणारी भाषा, आणि बोलणारे फार थोडे. अळंबीची नावं त्या भाषेत लिहून ठेवणं हेही आपलंच काम आहे.

आमचा हिशेब सरळ आहे: रानातली ओळखीची अळंबी ताजी, ताटापुरती शिजवून खावी. जर्कीसाठी लावलेली घ्यावी. कारण भरल्या डब्यातल्या वाळलेल्या, मसाला लावलेल्या पट्टीची जात नंतर कुणालाच ओळखता येत नाही. शिवाय रानअळंबी नेमकी ऊन नसताना येते आणि दिवसभरात खराब व्हायला लागते.

जर्की कशी करायची

धिंगरी किंवा दुधी अळंबी १ किलो घ्या. धिंगरी हाताने फाडा. दुधीचे देठासकट उभे, अर्धा सेंटीमीटर जाड काप करा. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून काढा, निथळा, हलकं पिळा. मग चिंचेचा कोळ दोन मोठे चमचे, गूळ एक मोठा चमचा, वाटलेला लसूण, तिखट, जिरे-मिरी पूड आणि मीठ एक लहान चमचा लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

मीठ कमी का? अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. १ किलोची जर्की शंभर-सव्वाशे ग्रॅम उरते. पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं. तेलही घालू नका, नाहीतर जर्की खवट होते.

सकाळी निथळून जाळीवर एकेक पट्टी सुटी पसरा. ड्रायरमध्ये ६० अंशांवर साधारण आठ ते दहा तास. कडक उन्हाळ्यात पातळ कापडाखाली गच्चीवर चालेल, पण संध्याकाळी घरात घ्या. ढगाळ दिवसात उन्हावर विसंबू नका. पट्टी वाकली पाहिजे, तुटता कामा नये, आणि दाबल्यावर ओल लागू नये. गार झाली की काचेच्या बरणीत भरा. दुसऱ्या दिवशी काचेला आतून दव दिसलं, तर पुन्हा वाळवा. चिवट जर्की फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर टिकवायची असेल, तर कडकडीत वाळवावी लागते.

वेगळी जात लावायची तर

या हवेत आमची पसंती दुधी अळंबीला आहे. ही अस्सल भारतीय जात. पुरकायस्थ आणि चंद्रा यांनी १९७४ साली बंगालमधून तिचं वर्णन केलं. पुढे तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तिचा वाण प्रसारित केला. तिला २५ ते ३५ अंश मानवतात. बटण अळंबीसारखं थंड खोलीचं भांडवल लागत नाही.

सोयाबीनचं कुटार किंवा गव्हांडा भिजवून गरम पाण्यात, ६५ ते ७० अंशांवर तासभर ठेवा. निथळून पिशवीत थरांमध्ये बियाणं, म्हणजे स्पॉन, भरा. अंधाऱ्या खोलीत वीसेक दिवसांत कुटार पांढरं पडतं. मग वरून तीन-चार सेंटीमीटर निर्जंतुक मातीचं आच्छादन द्यायचं. आठ-बारा दिवसांत कळ्या येतात, पुढच्या आठवड्यात तोडणी. नवख्याला १ किलो सुक्या कुटारामागे अर्धा ते पाऊण किलो अळंबी धरायला हरकत नाही. मे महिन्यात मात्र आपल्याकडचं ऊन तिलाही झेपत नाही. तेव्हा ओली पोती लावलेली शेड हवी. वारंवार फवारलेल्या पऱ्हाटीचा भुसा खाण्याच्या पिकाला टाळा.

आणि पाणी. तालुक्याचा खालचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथलं विहिरीचं पाणी रोज फवारलं, तर आच्छादनात क्षार साचतात, आणि कळ्या धरणं अवघड होतं. पावसाचं साठवलेलं किंवा गोडं पाणीच वापरा. पहिल्या वेळी दहाच पिशव्या लावा. प्रशिक्षणासाठी गावातच कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारा.

श्रोत्यांतून एका काकूंनी विचारलं, "उन्हात वाळवून काही फायदा होतो का?" होतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी अळंबीत ड जीवनसत्त्व तयार होतं. काप उकळण्याआधी अर्धा-एक तास उन्हात ठेवले तरी चालतं.

दुसरा प्रश्न होता, "मुलं रानातून अनोळखी अळंबी घेऊन आली तर?" कागदावर ठसा घ्या, नाव विचारा, वहीत लिहा. चुलीवर मात्र चढवू नका.