चिकनच्या काउंटरमागचा डॉन: 'ब्रेकिंग बॅड'मधला गस फ्रिंग इतका भीतीदायक का वाटतो?

इस्त्री केलेला फिकट शर्ट, नीट बांधलेला टाय, डोळ्यांवर चष्मा. हॉटेलात आलेल्या ग्राहकाला तो स्वतः विचारतो, 'जेवण ठीक आहे ना?' टेबलावर सांडलेलं दिसलं की स्वतः फडकं घेऊन पुसतो. कर्मचाऱ्यांवर कधी आवाज चढवत नाही. टीव्हीच्या इतिहासातल्या सगळ्यात क्रूर ड्रग माफियांपैकी एकाची ही ओळख आहे.

त्याचं नाव गुस्तावो फ्रिंग, प्रेक्षकांसाठी 'गस'. 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकन मालिका संपून बरीच वर्षं झाली. तरी रील्समध्ये, मीम्समध्ये आणि ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा चेहरा अजून फिरतो. 'बॉस असावा तर असा' अशी कॅप्शनही त्याखाली दिसते. हा माणूस नेमका कोण, तो इतका का आवडतो आणि त्या आवडण्यात अडचण काय, हे समजून घेऊया.

(मालिका अजून पाहिली नसेल, तर पुढे कथानकातले मोठे खुलासे आहेत.)

आधी थोडक्यात गोष्ट

'ब्रेकिंग बॅड' २००८ ते २०१३ या काळात अमेरिकेतल्या एएमसी वाहिनीवर आली. पाच सीझन, ६२ भाग. निर्माता विन्स गिलिगन. कथा घडते न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात. वॉल्टर व्हाइट हा शाळेतला रसायनशास्त्राचा शिक्षक. त्याला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं कळतं. घरच्यांसाठी पैसा मागे ठेवायचा म्हणून तो जेसी पिंकमन या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरतो आणि मेथ, म्हणजे मेथअॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ बनवू लागतो.

माल उत्तम बनतो, पण विकायचा कसा? हा प्रश्न सुटत नाही तेव्हा दुसऱ्या सीझनच्या अकराव्या भागात, २००९ मध्ये, गस पडद्यावर येतो. 'लोस पोयोस एर्मानोस' या फ्राइड चिकनच्या साखळीचा तो मालक आहे. या स्पॅनिश नावाचा अर्थ 'कोंबडे बंधू'. वॉल्टर त्याला भेटायला जातो आणि बराच वेळ हॉटेलात ताटकळतो. आपण ज्याची वाट बघतोय तो माणूस मघाशी विचारपूस करून गेलेला मॅनेजरच आहे, हे त्याच्या उशिरा लक्षात येतं.

त्याचा धंदा चालतो कसा?

गसकडे दोन धंदे आहेत आणि दोन्ही एकाच गाडीतून चालतात. त्याची चिकनची दुकानं खरी आहेत, चविष्ट आहेत आणि नफ्यात आहेत. चिकनचं पीठ भरलेल्या बादल्या फार्मवरून ट्रकने जातात. त्यातल्या काही बादल्यांत पिठाखाली मेथ असतं. मालवाहतूक, गोदामं, बिलं, कर, सगळं कायदेशीर कंपनीचं. त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

माल बनतो शहरातल्या एका मोठ्या औद्योगिक लाँड्रीच्या खाली, तळघरात. कपडे धुण्याच्या कारखान्यात वाफ असणार, रसायनं असणार, वीज-पाणी भरपूर लागणार. म्हणजे खालच्या प्रयोगशाळेला लागणारं सगळं वरच्या धंद्यात आपोआप झाकलं जातं. या 'सुपरलॅब'कडून आठवड्याला २०० पौंड, म्हणजे साधारण ९० किलो मालाची अपेक्षा असते. वॉल्टरला तो पहिला देकार देतो तीन महिन्यांच्या कामाचे ३० लाख डॉलर.

आणि पोलिस? अमेरिकेची अमली पदार्थविरोधी यंत्रणा असलेल्या डीईएच्या धावण्याच्या कार्यक्रमाचा तो प्रायोजक आहे. त्यांच्या कार्यालयात तो चिकन घेऊन जातो, अधिकाऱ्यांशी हात मिळवतो. ज्यांच्यापासून लपायचं, त्यांच्याच भिंतीवरच्या पोस्टरवर त्याच्या दुकानाचं नाव आहे.

मग तो वेगळा का ठरतो?

पडद्यावरचा डॉन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठरावीक चित्र येतं. गळ्यात साखळी, हातात सिगार, आजूबाजूला बंदूकधारी, तोंडात शिव्या. गस यातलं काहीच करत नाही. साधी व्होल्वो गाडी चालवतो. घरी स्वतः स्वयंपाक करतो. त्याची भीती वाटते ती त्याच्या शांतपणामुळे.

चौथ्या सीझनचा पहिला भाग (२०११) बघा. जेसीने गसच्या दुसऱ्या केमिस्टला, गेल बेटिकरला, गोळी घातलेली आहे. वॉल्टर आणि जेसी लॅबमध्ये अडकले आहेत. गस जिना उतरून येतो. कोट-टाय काढून नीट अडकवतो, लॅबचा रबरी पोशाख चढवतो. वॉल्टर जीव तोडून बोलतोय, स्वतःची बाजू मांडतोय. गस काही बोलत नाही. पुठ्ठ्याचे खोके कापायचं पातं उचलतो आणि स्वतःच्याच विश्वासू माणसाचा, व्हिक्टरचा गळा चिरतो. मग हात धुतो, चष्मा पुसतो, पुन्हा आपले कपडे घालतो आणि जिना चढता चढता दोघांना कामाला लागायला सांगतो. संपूर्ण प्रसंगात तो बोलतो ते एवढंच.

ही भूमिका केली आहे जियानकार्लो एस्पोसिटो यांनी. त्यांचा जन्म १९५८ मध्ये कोपनहेगनला झाला. वडील इटालियन, आई आफ्रिकन-अमेरिकन ऑपेरा गायिका. या भूमिकेसाठी त्यांना २०१२ मध्ये एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. पुढे 'बेटर कॉल सॉल' (२०१५ ते २०२२) या पूर्वकथेच्या मालिकेत, तिसऱ्या सीझनपासून, त्यांनी पुन्हा हाच गस रंगवला.

प्रत्येक गोष्टीचा बॅकअप

इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही गसचं काम बघून आपल्या लेक्चरची आठवण येईल. एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी तयार हवी, हा त्याचा नियम आहे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मेक्सिकोतल्या कार्टेलच्या प्रमुखाकडची मेजवानी. गस भेट म्हणून महागड्या टकिलाची बाटली नेतो. त्यात विष आहे. यजमानांना संशय येऊ नये म्हणून पहिला घोट तो स्वतः घेतो. आधी औषधाची गोळी घेतलेली आहे. मग बाथरूममध्ये जातो, जमिनीवर टॉवेल नीट अंथरतो, त्यावर गुडघे टेकतो आणि घशात बोटं घालून उलटी करतो. बाहेर एकेक जण कोसळत असतो. थोड्या अंतरावर त्याने आधीच तात्पुरतं रुग्णालय उभं करून ठेवलंय. तिथे डॉक्टर आहेत आणि सोबत आलेल्यांच्या रक्तगटाची माहितीही तयार आहे.

हे बघताना आपण थक्क होतो. नियोजन असावं तर असं, हे आपसूक तोंडून निघतं. गसची जादू इथेच काम करते.

कॅमेरा काय दाखवतो, काय दाखवत नाही

आता पुन्हा २००९ च्या त्या भागाकडे जाऊ, ज्यात गस पहिल्यांदा दिसला. त्या भागाची सुरुवात हॉटेलात होत नाही. ती होते रस्त्याच्या एका कोपऱ्यावर. जेसीचा मित्र कॉम्बो तिथे माल विकतोय. सायकलवरून एक लहान मुलगा येतो आणि त्याला गोळ्या घालतो.

पहिल्यांदा बघताना या दोन दृश्यांचा संबंध लागत नाही. एक गल्लीतलं भांडण, दुसरी चकचकीत हॉटेलातली भेट. संबंध कळतो पुढच्या सीझनमध्ये. तो मुलगा टोमास, वय ११ वर्षं. त्याला बंदूक देणारे दोन विक्रेते गसच्याच साखळीत काम करत होते.

जेसी संतापतो. गस बैठक बोलावतो आणि विक्रेत्यांना बजावतो की यापुढे मुलांना वापरायचं नाही. विषय संपला असं वाटतं. त्यानंतर थोड्याच वेळात टोमास मरून पडलेला सापडतो. हुकूम कुणी दिला, हे मालिका पडद्यावर दाखवत नाही. गस तर त्या कोपऱ्याच्या आसपासही नसतो.

या पात्राची खरी भीती मला इथे वाटते. गळा चिरण्याचा प्रसंग आपल्या लक्षात राहतो, कारण तो डोळ्यांसमोर घडतो. पण गसचा धंदा रोज चालतो तो न दिसणाऱ्या अंतरावर. काउंटरवर स्वच्छ एप्रन, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला सायकलवरचा अकरा वर्षांचा मुलगा. मधल्या प्रत्येक माणसाला आपला एकच तुकडा ठाऊक. ट्रकवाल्याला बादल्या, लाँड्रीतल्या बायकांना चादरी, केमिस्टला शुद्धतेची टक्केवारी. गसचे हात स्वच्छ राहतात, कारण घाण होणारे हात त्याने पगारावर ठेवलेत.

आणि आपण प्रेक्षकही बहुतेक वेळ त्याच्या काउंटरच्या बाजूनेच बघत असतो. मेथ ओढून दात पडलेला, घर विकलेला ग्राहक गसच्या दृश्यांत जवळजवळ कुठेच येत नाही. म्हणून तो 'प्रोफेशनल' वाटतो.

साइटवरचा इंजिनिअर

'बेटर कॉल सॉल'मध्ये हीच गोष्ट आणखी जवळून दिसते. सुपरलॅब खोदायला गस जर्मनीहून एक टीम आणतो. प्रमुखाचं नाव वेर्नर झीगलर. सज्जन, कामात चोख, वयस्क इंजिनिअर. महिनोन्‌महिने बंदिस्त जागेत राहून तो तळघराचं काम करतो. पैसे उत्तम, काम आव्हानात्मक. फक्त बायकोची आठवण येते. चार दिवस तिला भेटावं म्हणून तो पळ काढतो. परत येऊन काम पूर्ण करायचा त्याचा इरादा असतो.

गसच्या हिशोबात याला जागा नाही. गसचा माणूस माइक, जो वेर्नरचा एव्हाना मित्र झालेला असतो, त्याला निर्जन जागी नेऊन गोळी घालतो. २०१८ मध्ये आलेला हा प्रसंग कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या कुणालाही अस्वस्थ करेल. 'बॉस असावा तर असा' म्हणताना आपण स्वतःला गसच्या खुर्चीत बसवतो. आकडेवारीने बघितलं, तर त्या कंपनीत आपली जागा वेर्नरची असण्याची शक्यता जास्त आहे.

एवढा सावध माणूस हरला कसा?

पहिली चूक कागदाच्या रुमालाएवढी आहे. मेलेल्या गेलच्या घरात 'लोस पोयोस'चा कागदी रुमाल सापडतो. त्यावर एक क्रमांक खरडलेला. गेल वीगन होता, प्राण्यांपासून आलेलं काहीच खात नव्हता. मग चिकनच्या दुकानातला रुमाल त्याच्याकडे कसा? डीईए अधिकारी हँक या एका प्रश्नावरून थेट गसपर्यंत पोहोचतो.

दुसरी चूक मोठी आहे आणि तिला बॅकअप नव्हता. अनेक वर्षांपूर्वी कार्टेलच्या हेक्टर सालामांकाने गसच्या डोळ्यांदेखत त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाला, मॅक्सला, मारलं होतं. पुढे हेक्टर पक्षाघाताने खुर्चीला खिळतो, बोलू शकत नाही, फक्त एक घंटी वाजवतो. गस त्याच्यावर चांगले उपचार सुरू करतो आणि त्याचं मन जागं पण शरीर निकामी अशा टप्प्यावर ते थांबवतो. मग वृद्धाश्रमात जाऊन त्याच्या घरच्यांच्या मृत्यूच्या बातम्या त्याला स्वतः ऐकवतो.

बाकी सगळी कामं तो दुसऱ्यांवर सोपवतो. सूड मात्र त्याला स्वतःच्या हाताने घ्यायचा असतो. वॉल्टर नेमकं हेच हेरतो. हेक्टरच्या खुर्चीला बॉम्ब लावला जातो. गसचा माणूस खोली तपासतो, पण छुपे मायक्रोफोन शोधण्यासाठी. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या त्या भागात स्फोटानंतर गस दारातून बाहेर येतो, टाय सरळ करतो, आणि मग कॅमेरा बाजूने फिरतो तेव्हा दिसतं की त्याचा अर्धा चेहरा उरलेला नाही. दोन सीझन जो मुखवटा आपण बघत होतो, त्याची दुसरी बाजू तेव्हा समोर येते.

आपल्याकडे याचा संबंध काय?

गस काल्पनिक आहे. कायदेशीर धंद्याआड अमली पदार्थ बनवण्याची पद्धत मात्र महाराष्ट्राला नवी नाही. आपल्याकडे मेथपेक्षा मेफेड्रोनचं, म्हणजे 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ'चं नाव जास्त ऐकू येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यावर छापा टाकला. पुणे आणि दिल्लीतल्या त्या कारवाईत मिळून दीड हजार किलोहून जास्त एमडी जप्त केल्याचं पोलिसांनी सांगितलं.

मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे. ५० ग्रॅमपेक्षा जास्त साठा कायद्यात 'व्यावसायिक प्रमाण' धरला जातो आणि त्यासाठी किमान १० ते कमाल २० वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. खिशात चार पुड्या घेऊन उभ्या असलेल्या पोराला पकडणं तुलनेने सोपं असतं. त्याच्यापासून कारखान्याच्या मालकापर्यंतची एकेक कडी पुराव्यासह जोडणं हे तपासातलं खरं अवघड काम. गसने सगळी हुशारी नेमकी त्याच कड्या तोडण्यात खर्च केली होती.

त्यामुळे मालिका पुन्हा बघाल तेव्हा एक करून पाहा. गस टेबल पुसत असताना तो सायकलवरचा मुलगा आत्ता कुठे असेल, असा प्रश्न मनात ठेवा. दृश्य तेच राहील, पण 'बॉस असावा तर असा' हे कॅप्शन टाकायला हात सहज धजावणार नाही.

*(तुमच्या ओळखीत कुणी व्यसनात अडकलं असेल, तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर मोफत मदत मिळते. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती १९३३ या 'मानस' हेल्पलाइनवर देता येते.)*