गाभडलेली गाय कोणाच्या खाती?

पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी तुंबले की, त्यातून चालत आलेल्या नागरिकांनी डॉक्टरी सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, असे आवाहन मुंबई महापालिका करते. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची जी साथ आली, तिने या रोगाचे नाव घरोघरी पोचविले. तेव्हापासून लेप्टो म्हणजे उंदीर आणि उंदीर म्हणजे शहरातील घाण, असे समीकरण रूढ झाले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हे जंतू गाय, म्हैस, डुक्कर व कुत्रा यांच्याही मूत्रपिंडात ठाण मांडतात. तेथे होणाऱ्या हानीचा जमाखर्च मात्र कोणी मांडीत नाही.

जनावरांना मूत्रमार्गाचे इतरही विकार होतात. परंतु त्यांचा उपद्रव बहुधा त्या जनावरापुरता राहतो. लेप्टोचे तसे नाही. वरकरणी बरे झालेले जनावरही कित्येक आठवडे, कधी महिनोगणती मूत्रावाटे जंतू टाकीत राहते. ओलसर माती व साचलेले पाणी यांत ते तग धरतात आणि पायाच्या जखमेतून किंवा डोळ्यातोंडाच्या नाजूक त्वचेतून दुसऱ्या शरीरात शिरतात.

लेप्टोच्या जंतूंचा 'हार्डजो' हा प्रकार तर गाईगुरांतच मुरलेला आहे. त्याला उंदराची मध्यस्थी लागत नाही. अशा गाईचे दूध एकाएकी चारही सडांतून आटते, कास सैल पडते. गाभण असली तर ती गाभडते. अन्य प्रकारांनी लहान वासरांची लघवी लाल होते. पण लाल लघवी गोचीडतापातही होते आणि गाय गाभडण्याची कारणे तर अनेक असतात. मग दृष्ट लागली, दुसरीचे शिंग लागले, असे म्हणून गावात विषय मिटतो.

हिशेब मात्र मिटत नाही. गाईचा गर्भकाळ सुमारे 280 दिवसांचा. सातव्या महिन्यात गाभडलेली गाय पुन्हा माजावर येऊन फळेपर्यंत आणि त्यापुढे नऊ महिने तिची वैरण चालूच राहते. दूध जेमतेम किंवा मुळीच नाही. कंटाळलेला मालक तिला बाजार दाखवितो. ती का विकली जाते आहे, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. किमतीत रोगाचा भाव लागत नाही आणि रोग दुसऱ्याच्या गोठ्यात फुकट पोचतो. गोठ्यातील पाणी खाचरात उतरले, तर राहिलेली किंमत भातलावणीला अनवाणी उतरलेली मजूर स्त्री चुकविते. ती त्या व्यवहारात कोठेच नव्हती.

बाजार जेथे असा आंधळा असतो तेथे सरकारने उतरावे, हे तत्त्व सरकारलाही अमान्य नाही. 2019 मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांविरुद्ध संपूर्ण सरकारी खर्चाने लसीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. ब्रुसेलोसिसही गाई गाभडविणारा आणि माणसाला जडणारा रोग आहे. लेप्टोला मात्र त्या कार्यक्रमात स्थान मिळाले नाही. शहरातल्या पाळीव कुत्र्याला दरवर्षी जी लस टोचतात तीत बहुधा लेप्टोचा अंश असतो. गोठ्यातल्या गाईच्या वाट्याला तसे काही येत नाही.

याचा सगळा दोष अनास्थेला देता येणार नाही. या जंतूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि लस बव्हंशी तीत समाविष्ट केलेल्या प्रकारांपासूनच संरक्षण देते. कोणत्या तालुक्यात कोणता प्रकार वावरतो हे ठाऊक नसताना लसीची मागणी करणे म्हणजे पायाचे माप न घेता वहाणा शिवणे होय. मापच आधी घ्यावयास हवे. गाभडलेल्या प्रत्येक गाईबरोबर तिच्या गोठ्यातील आणखी काही जनावरांचे रक्त सरकारी खर्चाने तपासले गेले, तर दोन-तीन पावसाळ्यांत कामापुरते चित्र हाती येईल. या तपासणीसाठी जिवंत जंतू जोपासणारी प्रयोगशाळा लागते आणि अशा प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. खर्चाचा खरा मुद्दा तेथे आहे.

दुसरी गोष्ट मात्र जवळजवळ बिनखर्चाची आहे. गाभडलेल्या गाईची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात होते, तापाच्या रुग्णाची प्राथमिक आरोग्य केंद्रात. दोन्ही वह्या एकाच गावच्या, पण दोन खात्यांच्या. त्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा एका टेबलावर ठेवण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.